चित्रकलेचे सर : शिक्षक, चित्रकार आणि पुन्हा शिक्षक

नाताळचा गोठा उभारायचा असो, पवित्र सप्ताहातील देखाव्याचा पडदा रंगवायचा असो वा धर्मग्रामाच्या सणाचा फलक लिहायचा असो, आपल्या वसईत पहिली हाक मारली जाते ती शाळेतील चित्रकलेच्या सरांना. काम झाले की आपण त्यांचे आभार मानतो आणि विसरून जातो. हे सर घरी स्वतःसाठी चित्रे काढतात काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. शाळेत शिकवणारा माणूस खराखुरा चित्रकार असू शकतो, ही गोष्ट आपल्या समाजाच्या अजून पुरती पचनी पडलेली नाही. म्हणूनच शिक्षकापासून कलावंतापर्यंतची ही वाट समजून घेणे अगत्याचे आहे.

वाट कोठून सुरू होते?

महाराष्ट्रात या वाटेची पहिली पायरी बहुतेकांना ठाऊक असते. कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा लाखो मुलांनी दिल्या आहेत. पुढे ज्यांना शाळेत शिकवायचे असते ते कला शिक्षक पदविका, म्हणजे ए.टी.डी., घेतात. ज्यांना चित्रकार व्हायचे असते ते रेखा व रंगकला विभागात पदविका किंवा पदवी घेतात. शिक्षकांसाठी आर्ट मास्टरसारखे पुढचे अभ्यासक्रमही आहेत.

या शिक्षणाची मुळे जुनी आहेत. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ साली सुरू झाले आणि तेथे चित्रकला शिक्षकांना प्रशिक्षण देणारा वर्ग १८९३ साली निघाला. मात्र पदविका नोकरी देते, दृष्टी देत नाही. ती सरावाने आणि साधनेने मिळवावी लागते.

गोंदियाचे चित्रकला शिक्षक

या वाटेवरचे एक ठळक उदाहरण सय्यद हैदर रझा यांचे आहे. मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात १९२२ साली त्यांचा जन्म झाला. लहानपणी त्यांचे चित्त अभ्यासात लागत नसे. तेव्हा खेड्यातील शाळेच्या गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढला आणि त्याकडे एकाग्रतेने पाहत राहण्यास सांगितले. त्या गुरुजींचे नाव नंदलाल झारिया.

नागपूरच्या कलाशाळेत शिक्षण घेतल्यावर रझा यांनी गोंदिया येथे चित्रकला शिक्षक म्हणून काही काळ नोकरी केली. १९४३ साली शिष्यवृत्तीच्या आधारे ते मुंबईत आले. परंतु पोहोचण्यास उशीर झाल्याने प्रवेशही हुकला आणि शिष्यवृत्तीही गेली. ते परतले नाहीत. छपाईचे ठसे बनवणाऱ्या एका स्टुडिओत ते दिवसा राबत आणि संध्याकाळी चित्रकलेचा अभ्यास करीत. पुढे त्यांनी ज. जी. कलाविद्यालयातील शिक्षण पूर्ण केले. १९५० साली ते पॅरिसला गेले आणि १९५६ साली तेथील समीक्षकांचा मानाचा पुरस्कार त्यांना लाभला. १९६२ साली अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाने त्यांना अध्यापनासाठी पाचारण केले. गोंदियाचे मास्तर पुन्हा शिक्षक झाले, या वेळी परदेशी विद्यार्थ्यांचे! आणि उत्तरायुष्यात जगाने त्यांना ज्या चित्रांमुळे ओळखले, त्यांच्या केंद्रस्थानी होता तोच बिंदू.

शिकवता शिकवता चित्रकार

नोकरी सोडली तरच कलावंत होता येते, असे मात्र नव्हे. गोव्याचे कॅथलिक चित्रकार आन्तोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांनी ज. जी. कलाविद्यालयात अध्यापन करीत असतानाच उत्तमोत्तम व्यक्तिचित्रे रंगवली. बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना १९२० साली मिळाले. त्यांची कन्या अँजेला हिने तोच वारसा पुढे नेला आणि ख्रिस्ती विषय भारतीय शैलीत रंगवले. परमगुरूंनी 'प्रो एक्लेसिया एत पोन्तिफिचे' हे पदक देऊन तिचा गौरव केला.

आपल्या वसईलाही कलेचा वारसा आहे. गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांचा पुतळा घडवणारे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांचा जन्म १८८४ साली वसईतच झाला. पुढे त्यांनी मध्य प्रदेशातील धार ही आपली कर्मभूमी केली. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या सर्वांच्या आयुष्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. शिक्षकाला चित्रकार व्हायचे असेल तर शाळा सुटल्यावरचा एक तास स्वतःच्या कामासाठी राखून ठेवावा लागतो. वहीतील चित्र प्रदर्शनात मांडून परक्या नजरेची टीका सोसावी लागते. आणि जे गवसले ते विद्यार्थ्यांपर्यंत न्यावे लागते. जो शिक्षक स्वतः कोऱ्या कागदापुढे अडखळतो, त्यालाच अडखळणाऱ्या मुलाची अडचण कळते.

पहिली नजर हरवू नये

आज मात्र ही वाट अरुंद होत आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या निकषांनुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तरच कलाशिक्षणासाठी निदेशक आवश्यक मानला आहे, आणि तोही अर्धवेळ. लहान शाळांना तेवढेही बंधन नाही. अर्धवेळ मानधनावर घर चालवणाऱ्याने स्वतःच्या साधनेसाठी तो एक तास कोठून काढावा? आणि चित्रकलेचा तास गेला तर गणितात मागे पडलेल्या, पण रेषेत पुढे असलेल्या मुलाला प्रथम ओळखणार कोण?

परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी १९९९ च्या ईस्टरला कलावंतांना उद्देशून एक पत्र लिहिले. सर्वांनाच कलावंत होण्याचे पाचारण नसते. परंतु आपले जीवन एखाद्या कलाकृतीप्रमाणे घडवण्याची जबाबदारी प्रत्येकावर आहे, असा विचार त्यांनी त्यात मांडला. ते घडवण्यात शिक्षकाचा हात किती मोठा असतो, हे भिंतीवरच्या त्या एका बिंदूने दाखवून दिले आहे.

म्हणून आपल्या धर्मग्रामांनी दोन साध्या गोष्टी कराव्यात. सणाच्या वेळी सभागृहाची एक भिंत आपल्या शिक्षकांच्या व मुलांच्या चित्रांसाठी मोकळी ठेवावी. आणि पुढच्या वेळी गोठ्याचा पडदा रंगवून घेताना चित्रकलेच्या सरांना आवर्जून विचारावे : "सर, सध्या तुम्ही स्वतःचे कोणते चित्र काढत आहात?"