शेवटाची तारीख : सैन्यमाघारीच्या कालमर्यादेवरील अमेरिकी काँग्रेसमधील वाद

युद्ध सुरू करण्याचा ठराव आणि युद्ध संपविण्याचा ठराव या दोन भिन्न प्रकृतीच्या संहिता असतात. पहिलीत कारणे सांगावी लागतात, दुसरीत तारीख. ऑक्टोबर २००२मध्ये अमेरिकी काँग्रेसने इराकविरुद्ध सैनिकी बळ वापरण्याचा अधिकार अध्यक्षांना दिला. प्रतिनिधिगृहात हा ठराव २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी संमत झाला. त्यात कारणांची दीर्घ मालिका होती. हा अधिकार केव्हा संपेल, याचा मात्र उल्लेख नव्हता. २००७ साली कालमर्यादेवरून झालेला वाद हा या अनुक्त शेवटाविषयीचा वाद होता. प्रस्तुत लेखात त्या वादाचा विचार प्रामुख्याने शब्दयोजना आणि कथन यांच्या अंगाने केला आहे.

या वादाला व्हिएतनाम युद्धाची पूर्वपीठिका आहे. १९७१च्या अखेरीपर्यंत सैन्य मागे घेण्यासंबंधीची मॅकगव्हर्न-हॅटफील्ड दुरुस्ती १ सप्टेंबर १९७० रोजी सिनेटने ५५ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळली. मतदानापूर्वीच्या भाषणात जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी तारखेच्या इष्टानिष्टतेपेक्षा सभागृहाच्या उत्तरदायित्वावर भर दिला. पन्नास हजार तरुणांना अकाली मृत्यूकडे धाडण्यात येथील प्रत्येक सदस्याचा वाटा आहे आणि या दालनाला रक्ताचा वास येतो आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. येथे वक्त्याने संबोधित बदलला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अध्यक्षांना उद्देशून चाललेली चर्चा त्याने समोर बसलेल्या सहकाऱ्यांकडे वळविली. पुढे १९७३ साली काँग्रेसने तारीख खरोखरच घातली. १५ ऑगस्टनंतर इंडोचायनातील लढाऊ कारवायांसाठी निधी मिळणार नाही, असा तो निर्बंध होता. तोवर अमेरिकेचे भूदल व्हिएतनाममधून परतले होते. विधिमंडळाला तारीख लाभली, पण माघार घडून गेल्यानंतर.

अमेरिकी राज्यघटनेने युद्ध घोषित करण्याचा आणि खर्चाला मंजुरी देण्याचा अधिकार काँग्रेसला दिला, तर सेनापतिपद अध्यक्षाकडे सोपविले. परिणामी विधिमंडळ युद्धाचा शेवट थेट लिहू शकत नाही. तो त्याला अर्थसंकल्पाच्या भाषेत लिहावा लागतो. नोव्हेंबर २००६च्या निवडणुकीत दोन्ही सभागृहांत बहुमत मिळविल्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षाने हाच मार्ग अवलंबिला. त्याच सुमारास, जानेवारी २००७मध्ये, अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी इराकमध्ये वीस हजारांहून अधिक जादा सैनिक धाडण्याची घोषणा केली होती.

युद्धखर्चाच्या पुरवणी विधेयकाची रूपांतरे अभ्यासनीय आहेत. प्रतिनिधिगृहाने २३ मार्च २००७ रोजी २१८ विरुद्ध २१२ मतांनी संमत केलेल्या मसुद्यात ३१ ऑगस्ट २००८ ही लढाऊ सैन्याच्या माघारीची अंतिम मर्यादा होती, आणि तिचे स्वरूप आज्ञार्थी होते. सिनेटच्या मसुद्यात माघारीचा प्रारंभ बंधनकारक, तर ३१ मार्च २००८ पर्यंतची समाप्ती हे केवळ ‘उद्दिष्ट’ होते. दोहोंच्या समन्वयातून निघालेल्या अंतिम संहितेत प्रारंभ १ ऑक्टोबर २००७ पर्यंत व्हावा असे म्हटले होते. इराकी शासनाच्या प्रगतीची ग्वाही अध्यक्षांना देता आली नाही, तर १ जुलैपर्यंत. त्यानंतरच्या १८० दिवसांत माघार पूर्ण करणे हे पुन्हा ‘उद्दिष्ट’च राहिले. मते जुळविण्यासाठी विध्यर्थाची जागा इच्छार्थाने घेतली. तारीख उरली, तिच्यातील सक्ती ओसरली.

तरीही १ मे २००७ रोजी बुश यांनी नकाराधिकार वापरला. चार वर्षांपूर्वी याच दिवशी त्यांनी एका विमानवाहू नौकेवरून प्रमुख लढाई संपल्याचे जाहीर केले होते. दुसऱ्या दिवशी नकाराधिकार उलथविण्याचा प्रयत्न झाला. २२२ विरुद्ध २०३ हे बहुमत दोन तृतीयांशांना पुरे पडले नाही. जुलैमध्ये सिनेटने रात्रभर अधिवेशन चालविले. १८ जुलैच्या सकाळी लेव्हिन-रीड दुरुस्तीवरील चर्चा समाप्त करण्याच्या बाजूने ५२ मते पडली. आवश्यक होती ६०.

उभय पक्षांचे युक्तिवाद पाहता एक गोष्ट ध्यानात येते : तारीख एकच असली तरी तिचे अभिप्रेत वाचक दोन होते. विरोधकांच्या मते ती तारीख शत्रू वाचणार होता; तो दिनदर्शिकेवर खूण करून वाट पाहील, अशी त्यांची भीती होती. समर्थकांच्या मते ती इराकी राज्यकर्ते वाचणार होते, आणि परकीय सैन्य कायमचे नाही हे कळल्याविना ते जबाबदारी स्वीकारणार नव्हते. ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता तो सैनिक आणि तो इराकी नागरिक या दोन्ही वाचनांत गौणच राहिला. २००७ या एका वर्षात इराकमध्ये ९००हून अधिक अमेरिकी सैनिक मृत्यू पावले. इराकी मृत्यूंची संख्या त्याहून कितीतरी मोठी होती.

शब्दांची निवडही तटस्थ नव्हती. समर्थकांनी ‘रिडिप्लॉयमेंट’ हा शब्द पत्करला, विरोधकांनी शरणागतीची भाषा वापरली. मराठीत हा वाद मांडताना भाषांतरकाराला याच पेचातून जावे लागते. ‘पुनर्नियोजन’ म्हणावे तर शब्द कचेरीतला वाटतो. ‘माघार’ म्हणावे तर ‘माघार घेणे’ या प्रयोगातील पराभवाची छटा आपोआप येते. ‘सैन्य मागे घेणे’ हा त्यातल्या त्यात सम पर्याय ठरतो. इराकच्याच संदर्भात भारतीय संसदेलाही या प्रकारच्या पेचाला सामोरे जावे लागले होते. मनोहर जोशी लोकसभेचे अध्यक्ष असताना, एप्रिल २००३मध्ये, संमत झालेल्या ठरावात ‘निंदा’ हा हिंदी शब्द स्वीकारला गेला. इंग्रजीत त्याचा पर्याय ‘डिप्लोअर’ असा सौम्य ठेवायचा की ‘कंडेम’ असा कठोर, हा केवळ कोशाचा प्रश्न नव्हता. दोन भाषांमधील अंतरातच एकमताला जागा मिळाली.

वादाची परिणती अनपेक्षित दिशेने झाली. जुलै २००८मध्ये अमेरिकी शासनाने इराकी पंतप्रधान नूरी अल-मलिकी यांच्याशी ‘टाइम होरायझन’ म्हणजे कालक्षितिजाविषयी सहमती झाल्याचे सांगितले. हे रूपक बोलके आहे. तारीख जवळ येते. क्षितिज चालणाऱ्याबरोबर पुढे सरकते. परंतु १७ नोव्हेंबर २००८ रोजी स्वाक्षऱ्या झालेल्या कराराने क्षितिजाचे पुन्हा तारखांत रूपांतर केले : शहरांतून लढाऊ सैन्य ३० जून २००९ पर्यंत, तर संपूर्ण देशातून ३१ डिसेंबर २०११ पर्यंत मागे घेतले जावे. २७ नोव्हेंबरला इराकी संसदेने तो संमत केला. अमेरिकी काँग्रेसची तारीख ज्यांनी नाकारली, त्याच अध्यक्षांच्या शासनाने ही तारीख मान्य केली. तोवर इराकमधील हिंसाचार घटला होता आणि आता ती यजमान राष्ट्राची मागणी होती, हा फरक नगण्य नाही. डिसेंबर २०११मध्ये सैन्य परतले. २०१४ साली ‘इस्लामिक स्टेट’विरुद्धच्या लढ्यासाठी अमेरिकी सैनिक पुन्हा इराकमध्ये गेले.

यावरून तारीख व्यर्थ असते, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तारीख युद्ध संपवीत नाही. युद्ध चालू ठेवण्याचे उत्तर कोणी द्यावयाचे, हे ती ठरविते. तारीख नसेल तर शेवट मागणाऱ्याने कारण द्यावे लागते. तारीख असेल तर मुदतवाढ मागणाऱ्याने. विधिमंडळातील त्या दीर्घ रात्री उत्तरदायित्वाच्या या स्थानांतरासाठीच खर्ची पडल्या होत्या.