रविवार पायांचा

सकाळचे साडेसात. समाजमंदिराच्या ओट्यासमोर प्लास्टिकचे टब ओळीनं मांडले आहेत. निळे, हिरवे, एक तडा गेलेला लाल. प्रत्येक टबात दोन पाय. काहींना पाचही बोटं आहेत, काहींना दोन, एका पायाचं तर टाचेपुढे थोडकंच काही उरलं आहे. हापशावरून भरून आणलेलं साधं गार पाणी, त्यात मीठ नाही की औषध नाही. पदर घेतलेल्या बाया आणि धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले म्हातारे बाकांवर बसून बोलताहेत. कपाशीचा भाव, नातवाची परीक्षा, रात्रभर नसलेली लाईट. पाणी गार आहे की कोमट, हे त्यांच्यातल्या कुणालाच सांगता येणार नाही. पाय पाण्यात आहेत हे त्यांना डोळ्यांनी कळतं.

"वीस मिनिटं झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही," भाऊ सांगतात. भाऊ म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले कुष्ठतंत्रज्ञ. सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलेली पत्र्याची पेटी ते उघडतात. गॉज, पट्ट्या, सलाईनच्या बाटल्या, चिमटे, ब्लेड, हातमोजे. त्यांच्याबरोबर नर्सिंगच्या तीन विद्यार्थिनी आहेत आणि तालुक्याच्या बँकेत काम करणाऱ्या एक बाई. या सगळ्यांना कुणी पगार देत नाही.

कुष्ठातून बरे झालेल्यांची ही वसाहत विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर, रेल्वेच्या रुळांपलीकडे आहे. नाव लिहीत नाही. इथली नातवंडं कॉलेजात पत्ता सांगताना पुढच्या फाट्याचं नाव सांगतात, आणि आपला पत्ता कुणाला सांगायचा हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे. या मुलखानं कुष्ठरुग्णांसाठी पुष्कळ केलं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ साली काम सुरू केलं, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारलं, पुढं वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन झालं. इकडे उपचार मिळतात हे ऐकून लांबलांबून माणसं आली. इथले बरेच जण तसेच आलेले. औषध घेतलं, बरे झाले, गावी गेले आणि ओसरीवरूनच परत फिरले. मग स्टेशनच्या आसऱ्यानं झोपड्या पडल्या, त्या हलवत हलवत रुळांपलीकडे आल्या, आणि तिथंच त्यांची पक्की घरं झाली.

वीस मिनिटं होतात. आता वजऱ्या निघतात. पाण्यानं मऊ झालेला तळव्याचा घट्टा जो तो आपापल्या हातानं घासू लागतो. ज्यांच्या बोटांना वजरी धरता येत नाही, त्यांनी ती लाकडी दांड्याला बांधून घेतली आहे. घासून झालं की पाय पुसायचा नाही, ओल्यावरच खोबरेल लावायचं, म्हणजे ओल आत राहते. कुष्ठात नसांबरोबर घामाच्या ग्रंथींचंही काम थांबतं, कातडी कोरडी पडते, तिला भेगा जातात. भेगेतून माती जाते, मग पू होतो. दुखत नसल्यानं माणूस त्याच पायावर चालत राहतो. जखम हाडापर्यंत जाते.

रोगानं बोटं झडतात असं आपल्याकडे अजून शिकलेली माणसंही म्हणतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून रुग्णांच्या हातापायांचा बारकाईनं अभ्यास केला आणि दाखवून दिलं की मांस काही आपोआप सडत नाही. वेदना गेलेली असते. गरम तवा, खिळा, चावणारी चप्पल, यांतलं काहीच हात-पाय सांगत नाहीत. वारंवार इजा होते, जंतुसंसर्ग होतो आणि त्यात हाड झिजत जातं. म्हणजे बोटं वाचवता येतात. त्यासाठी वेदनेचं काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं, आणि रोज करायला हवं. या ओट्यावर तेच चाललं आहे.

तिघींपैकी एक मुलगी आज पहिल्यांदा आली आहे. तिच्यासमोर बसलेल्या आजींनी उजवा पाय स्टुलावर ठेवला आहे. मुलीनं हातमोजे चढवले आहेत, पण हात पायापाशी जाऊन थांबतो. आजी तिच्याकडे बघतात. त्यांच्या खालच्या पापण्या सैल पडल्या आहेत, डोळे पुरते मिटत नाहीत. मधून मधून आठवण करून त्या जोर लावून पापण्या मिटतात. वारा आला की गॉगल लावतात, रात्री डोळ्यांवर फडकं बांधून निजतात.

"भेव नको पोरी," आजी म्हणतात. "माह्या गोळ्या संपल्या तवा तुह्या मायचं लगीनबी झालं नसन."

आजी म्हणतात ते खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ साली बहुविध औषधोपचार सुचवला: रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन यांतली औषधं रोगाच्या प्रकाराप्रमाणे एकत्र करून ठरावीक मुदतीपर्यंत द्यायची. पहिल्या काही मात्रांतच रोग पसरवण्याची शक्ती संपते. आजींच्या अंगात आज एकही जिवंत जंतू नसावा. उरली आहे ती बधिरता, कारण मेलेली नस औषधानं परत येत नाही.

मुलगी हातमोजा काढते. भाऊंनीच तसं सांगितलं आहे: जखम नसलेल्या भागावरून आधी उघड्या हाताची मागची बाजू फिरवायची. जिथं पाय इतर जागेपेक्षा गरम लागतो तिथं आत काहीतरी बिघडायला लागलेलं असतं, वरून कातडी धड दिसली तरी. ती हात फिरवते. टाच, कमान, करंगळीखालचा उंचवटा. तिथं ती थांबते, पुन्हा हात लावते, डावा पाय घेऊन ताडून बघते.

"इथं गरम आहे, आजी."

"आहे का? मले नाही समजत बाप्पा. तूच सांग."

भाऊ येतात. पायाकडे न बघता ते आधी आजींची चप्पल उचलतात, उलटी करतात, उन्हात धरतात. एमसीआरची चप्पल: आत मऊ रबर, खाली टणक तळ, सगळं चिकटवलेलं, कारण खिळा ठोकलेली चप्पल या पायांना चालत नाही. तळातून बाभळीचा काटा आरपार आला आहे. आतल्या बाजूला त्याचं टोक कसंबसं दिसतं. किती दिवस होता तो तिथं? आजींना माहीत असायचं कारण नाही. भाऊ चिमट्यानं काटा ओढून काढतात आणि मुलीच्या तळहातावर ठेवतात. तीही काही बोलत नाही. मग खाली बसते, आजींचा पाय मांडीवर घेते आणि करंगळीखालचा घट्टा भिंगातून तपासायला लागते. आता तिचा हात थांबत नाही.

"दुखत नाही म्हणूनच तं पाहा लागते," आजी तिला समजावून सांगतात. रोज रात्री त्या आरशाचा तुकडा पायाखाली धरून तळवा बघतात. पण नजर कमी झाली आहे. शेजारच्या काकांची नजर चांगली आहे, मात्र हाताची बोटं वळलेली. म्हणून काका बघतात, आजी घासतात. दोघं मिळून चार पाय सांभाळतात. कुणी शिकवल्याशिवाय त्यांनी हे बसवलं आहे. सेवा करायला बाहेरून येणाऱ्याच्या हे लक्षात यायला जरा वेळ लागतो, मलाही लागला: इथं आधीपासून एक शहाणपण नांदतं आहे, आपल्याला त्याच्या मदतीला यायचं आहे.

मांजरं आहेत म्हणावं तर घरटी एक. उंदीर रात्री बधिर बोटं कुरतडतात आणि माणसाला जाग येत नाही. सकाळी पांघरुणावर रक्त दिसलं की कळतं. त्यामुळे इथल्या मांजरांना दूध-भाकरी मिळण्यात कधी खंड पडत नाही. स्वयंपाकघरांतही तसंच: भांड्यांना लाकडी मुठी, चुलीजवळ जाड सांडशी, चहा काचेच्या किंवा स्टीलच्या पेल्याऐवजी कान असलेल्या कपात. मला चहा देणाऱ्या मावशी कप फडक्यात धरून आणतात, खाली ठेवतात आणि मग फडकं उलगडून आपली बोटं उजेडात नीट बघतात. मी कप उचलतो तोवर त्या पुढच्याकडे गेलेल्या असतात.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बँकेतल्या बाईंनी टेबल टाकलं आहे. त्यांच्याकडे जखमा येत नाहीत, कागद येतात. समोरच्या बाबांच्या दोन्ही हातांना बोटांची पेरं नाहीत. रेशन दुकानातलं यंत्र अंगठा मागतं. आधारच्या नियमांत अशा माणसांसाठी सवलत आहे, ती दुकानदारापर्यंत पोचलेली नाही. बाई अर्ज लिहितात, नियम कुठला ते लिहितात, खाली बाबांच्या मनगटाजवळचा ठसा घेतात. बाबा म्हणतात, "मागच्या खेपेले त्यानं धान्य लांबूनच टाकलं." बाई लिहायचं थांबतात. "पुढच्या वेळी मी तुमच्यासोबत येते," म्हणतात, आणि डायरीत तारीख टाकतात.

कायदा पुष्कळ सुधारला आहे. कुष्ठरुग्णांना पकडून कोंडण्याची मुभा देणारा १८९८चा कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून गेलं २०१९ साली. वसाहतीचे अध्यक्ष ही कात्रणं फाइलला लावून ठेवतात आणि नव्या माणसाला आवर्जून दाखवतात. पण रूळ ओलांडून ऑटोवाला आत येईल का, हे अजून ऑटोवाल्यावर आहे.

२००५च्या डिसेंबरात देशपातळीवर रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. त्याच सुमारास कुष्ठाची वेगळी यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली गेली. भाऊंसारखी, चट्टा लांबून ओळखणारी माणसं पांगली. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात, आणि जुन्यांच्या जखमा तर त्या आकड्यात कधीच नव्हत्या. ३० जानेवारीला, २ ऑक्टोबरला इथं गाड्या येतात. केळी, ब्लँकेटं, फोटो. येणाऱ्यांच्या मनाबद्दल मला शंका नाही. मला फक्त सेवाग्रामचे परचुरेशास्त्री आठवतात. संस्कृतचे पंडित, कुष्ठ झाल्यावर आश्रमात आले. गांधीजी स्वतः त्यांना मालिश करायचे, डोक्यावर एवढे व्याप असताना. त्यातला स्पर्श सगळ्यांना आठवतो, फोटोतही तोच दिसतो. इथं बसल्यावर मला त्यातला नेम जास्त मोठा वाटतो. तळव्याची जखम आठवड्याला बघावी लागते, पुढच्या आठवड्याला परत बघावी लागते.

साडेनऊ वाजत आलेत. शेवटी एक चाळिशीचा गडी येतो, लंगडत नाही, म्हणूनच काळजी. पट्टी सोडल्यावर वास येतो. अंगठ्यामागच्या उंचवट्याखाली रुपयाएवढी खोल जखम. भाऊ सलाईननं धुतात, कडेचा पांढरा मेलेला घट्टा ब्लेडनं तासून काढतात. भूल लागत नाही. गडी तोवर मोबाइलवर ठेकेदाराशी बोलतो आहे. आत हाड लागतंय का ते भाऊ बोथट सळईनं चाचपून बघतात. लागत नाही. ते सुस्कारा सोडतात.

"मलम लावून ही भरणार नाही. पाय टेकवायचा नाही. सहा आठवडे."

"सहा आठवडे?" गडी फोन ठेवतो. "स्लॅबचं काम हाय भाऊ. घरी बसलो तं खाऊ काय?"

या जखमेवरचं सगळ्यात मोठं औषध विश्रांती, आणि रोजमजुरीवर जगणाऱ्याला तेवढंच परवडत नाही. भाऊ त्याला रागावत नाहीत. एवढ्या वर्षांत त्यांना हे पुरतं माहीत झालं आहे. ते अध्यक्षांना हाक मारतात. वसाहतीत हातमागाची शेड आहे, सतरंज्या आणि टॉवेल विणतात. माग पायानं चालतो, तो नको. पण कांड्या भरायचं काम बसून होतं. मजुरी निम्मी. बचतगटाच्या बाया ओट्याच्या पायरीवर सरकून बसतात, आपसांत बोलतात. उरलेल्यातलं काही कर्जाऊ देता येईल, व्याज नको, पण बायकोनं येऊन सही करायची. गडी मान हलवतो, परत हलवत नाही. चार आठवडे म्हणतो. भाऊ सहावर अडतात.

"आन् मधात कोण पाहीन?" बचतगटातली एक विचारते. "भाऊ तं रविवारीच येते."

"बुधवारी मी पाहतो," पाय तेलानं चकाकणाऱ्या आजी बाकावरून म्हणतात. "काकाले घेऊन येतो. त्याचे डोळे, माहे हात."

गडी हसतो. सहाला तयार होतो. नवी मुलगी कुबड्या आणायला समाजमंदिरात जाते. त्या त्याच्या उंचीला कमी पडतात, म्हणून भाऊ खाली बसून त्यांचे स्क्रू सैल करायला लागतात.