गोल्फचा उंबरठा

नाशिकांत एक मोठें क्रीडांगण आहे. त्यास हुतात्मा अनंत कान्हेरे यांचें नांव दिलेलें असून तेथें रणजी करंडकाचे सामनेहि झालेले आहेत. तरी पत्ता सांगतांना लोक अजून 'गोल्फ क्लब मैदान' असेंच म्हणतात. जळगांव-धुळ्याकडून येणाऱ्या पाहुण्यास या नांवाचें नवल वाटतें. विटीदांडू त्यास ठाऊक असतो, लगोरी ठाऊक असते, कबड्डी व खो-खो तर शाळाशाळांतून चालतात. परंतु गोल्फ म्हणजे साहेबांचा, पैसेवाल्यांचा आणि पुरुषांचा खेळ, एवढीच त्याची समजूत असते. ही समजूत निराधार आहे असें मात्र नाहीं. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालीं निघाला, मुंबईचा १८४२ सालीं. आणि दोन्ही निघाले ते साहेब लोकांच्या करमणुकीसाठींच.

खेळ मुळांत अगदीं साधा आहे. जमिनींत सव्वाचार इंच व्यासाची खळगी असते. दूरवर ठेवलेला लहानसा कठीण चेंडू काठीनें टोलवीत टोलवीत तींत घालावयाचा. ज्यास कमी टोले लागतील तो सरस. पुऱ्या खेळांत अशा अठरा खळग्या असतात. येथें धांवावें लागत नाहीं, धक्काबुक्की होत नाहीं, आणि आपल्या चेंडूच्या आड प्रतिपक्ष येत नाहीं. साठीची आजी व सोळा वर्षांची नात यांनीं एकत्र खेळावेत असे खेळ थोडे आहेत, त्यांतला हा एक होय. मग स्त्रिया त्यापासून दूर कां राहिल्या?

याचें उत्तर खेळांत सांपडत नाहीं, क्लबाच्या दारांत सांपडतें. स्कॉटलंडांत मसलबर्ग नांवाचें गांव आहे. तेथील क्लबानें १८१० च्या डिसेंबरांत असा ठराव केला कीं, नववर्षदिनीं खेळून जी कोळीण सर्वांत सरस ठरेल तिला नवी टोपली व शाल बक्षीस द्यावी. म्हणजे पाठीवर मासळीची टोपली वाहणाऱ्या कष्टकरी बायका त्या काळींहि हा खेळ खेळत होत्या. पुढें खेळास प्रतिष्ठा आली, आणि प्रतिष्ठेबरोबर बंधनें आलीं. सेंट अँड्र्यूज येथें १८६७ सालीं स्त्रियांचा स्वतंत्र क्लब निघाला खरा. पण काठी खांद्याच्या वर उचलणें कुलीन स्त्रीस शोभत नाहीं, असें त्या वेळचे सभ्य गृहस्थ मानीत. तेव्हां तिच्या वाट्यास खळगीजवळच्या बारीक टोल्यांचा खेळ तेवढा आला. त्याच गांवांतील रॉयल अँड एन्शंट क्लबानें स्त्रियांस सभासद करून घेण्याचा ठराव केला तो २०१४ सालीं. क्लब स्थापन झाल्यास त्या वर्षीं दोनशें साठ वर्षें झालीं होतीं! शेतांत दिवसभर कुदळ डोक्यावर उचलणाऱ्या खानदेशी बाईस ही खांद्याची गोष्ट सांगितली, तर ती हंसेल.

गंमत अशी कीं, ज्या युक्तीमुळें नवशिक्यास गोल्फ खेळतां येतो, ती युक्ति शिस्तीनें बसविण्याचें बरेंचसें श्रेय स्त्रियांकडेच जातें. १८९३ सालीं इंग्लंडांत स्त्रियांचा गोल्फ संघ स्थापन झाला. त्याच्या चिटणीस इसेट पीअर्सन यांनीं 'हँडिकॅप'ची, म्हणजे सवलतीच्या टोल्यांची, पद्धत ठिकठिकाणच्या क्लबांना एकसारखी लागू केली. तिचा हिशेब मराठी चौथीच्या मुलीसहि करतां येईल. समजा, एक मुरलेली बाई ८२ टोल्यांत खेळ पुरा करते व तिला १० टोल्यांची सवलत आहे. तिचे उरले ७२. दुसरी नवशिकी, तिला ११८ टोले लागले, पण तिची सवलत ४८ आहे. तिचे उरले ७०. नवशिकी जिंकली! हें दान नव्हे. प्रत्येकीचा सामना तिच्या स्वतःच्या कालच्या खेळाशीं लावून दिलेला असतो. २०२० सालापासून साऱ्या जगास एकच पद्धत लागू झाली असून स्त्री असो वा पुरुष, ५४ पर्यंत सवलत मिळूं शकते. नियमांची फेरमांडणी २०१९ सालीं झाली, तेव्हां आणखी एक सोय आली. एका खळगीस जास्तींत जास्त किती टोले मोजावयाचे हें आधीं ठरवून सामना खेळतां येतो. तितके झाले कीं चेंडू उचलावा आणि पुढें चालावें. बाकीच्या चौघी खोळंबून पाहात आहेत ही जी नवशिकीच्या मनांतली धास्ती, तिच्यावर यासारखा उतारा नाहीं.

राहिला पोशाख. खेळाडूनें कोणता वेष करावा हें खेळाच्या नियमांच्या पुस्तकांत सांगितलेलें नाहीं. तीं बंधनें क्लबांचीं आहेत. म्हणून नऊवारीचा कासोटा, सलवार-कमीज, डोक्यावरील पदर किंवा ओढणी यांपैकीं कशानेंहि नियमभंग होत नाहीं. पायांत घट्ट बसणारा जोडा असला म्हणजे झालें. चौदा काठ्यांची पिशवी पाहून जीव दडपतो. पण चौदा ही कमाल मर्यादा आहे, किमान नव्हे. शिकणारीस दोन पुरतात. सामन्यांत दुसरीची काठी घेतां येत नाहीं. शिकतांना मात्र एक काठी दहाजणींत फिरवावयास कोणाची आडकाठी नाहीं.

गरीब घरच्या मुलग्यांस या खेळाचा एक मागचा दरवाजा होता. पिशव्या वाहतां वाहतां ते खेळ शिकत. दिल्लीचे अली शेर असेच पिशव्या वाहून वर आले आणि १९९१ सालीं इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक ठरले. मुलींना तोहि दरवाजा फारसा मोकळा नव्हता. त्यांना घरच्यांचाच हात धरावा लागला. बंगळूरच्या अदिती अशोक यांनीं पांचसहा वर्षांच्या असतांना काठी हातीं धरली. २०२१ सालीं तोकियोच्या ऑलिंपिकांत त्या चौथ्या आल्या, तेव्हां त्यांची पिशवी वाहात होती त्यांची आई. हरियाणाच्या दीक्षा डागर यांना जन्मापासून ऐकूं येत नाहीं. त्यांना वडिलांनीं शिकविलें, आणि २०२२ सालीं ब्राझीलमधील बधिरांच्या ऑलिंपिकांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. ज्या घरांत असे आईबाप नाहींत, त्या घरांतील मुलीचें काय, हा प्रश्न उरतोच.

खानदेशांत त्याचें उत्तर मैदानापासून शोधावें लागेल. हिरवळीस पाणी फार लागतें. आणि जेथें उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्यासाठीं घागरींची रांग लागते, तेथें तें मागणें शोभणार नाहीं. पण कोरड्या मुलखांत तेल मिसळलेली वाळू दाबून खळगीभोंवतीं सपाट जागा करतात. तिला 'ब्राउन' म्हणतात. तिला पाणी घालावें लागत नाहीं. सुरुवातीस तर शाळेचें आवार व पांचसहा खळग्या एवढ्यावर भागेल.

त्याहून अवघड आहे तें बोलावणें. सुटाबुटांतला शिक्षक इंग्रजींत सूचना देऊं लागला, तर यावलची शेतकरीण, शिरपूरकडील पावरा मुलगी आणि धुळ्याच्या मागवाल्यांच्या घरची सून या तिघीहि दुसऱ्या दिवशीं येणार नाहींत. आपल्याकडे गुलाबाईच्या दिवसांत मुली घरोघर जमतात. तेव्हां "तुला गाणीं येतात काय?" असें दारांत कोणी विचारीत नाहीं. ती येते, मागून सूर धरते, खाऊ ओळखतांना चुकते, आणि चार दिवसांत पुढें बसून गाते. शिकविणारी बाई असावी, तिची भाषा मराठी किंवा अहिराणी असावी, आणि पहिल्या दिवशीं सगळ्याच नवशिक्या असाव्यात.

आणि वेळ बायकांना विचारून ठरवावी. परदेशांतील कित्येक क्लबांत शनिवारची सकाळ पुरुषांसाठीं राखलेली असे. येथें तसा नियम करण्याचें कारणच नाहीं, कारण सकाळीं नळाला पाणी येतें आणि बाईचा पाय घरांतून निघत नाहीं. वैशाखांत दुपारीं चारला जळगांवच्या उन्हांत उभें राहवत नाहीं. तेव्हां दिवाळीपासून होळीपर्यंतचे चार महिने, साडेचारपासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ, सहा खळग्या, आणि लहान मूल सोबत आणलें तर त्यास बसावयास कडुनिंबाखालीं एक सतरंजी.