दुरुस्ती आधी, संकट नंतर

ऑगस्ट २००३मध्ये जगभरातल्या विंडोज संगणकांवर एकच दृश्य दिसू लागलं. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी गणती चाले आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. हा 'ब्लास्टर' वर्म होता. त्यासाठी कुणी फाइल उघडायची गरज नव्हती. मशीन इंटरनेटला जोडलेलं असलं की पुरे. ज्या त्रुटीतून तो शिरत होता, तिची दुरुस्ती मात्र मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच दिली होती. संगणक सुरक्षेच्या इतिहासात हा क्रम वारंवार दिसतो.

सुरुवातीला शत्रू संथ होता. १९८६मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसे आणि फ्लॉपी हातोहात फिरेल तेवढाच पसरे. दर ६ मार्चला हार्ड डिस्कवरच्या माहितीवर घाला घालणाऱ्या 'मायकेलअँजेलो'ने १९९२मध्ये जगभर धास्ती निर्माण केली. पुण्यात कैलास काटकर संगणक दुरुस्त करत असताना त्यांचे भाऊ संजय यांनी व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले, त्यातून 'क्विक हील' उभं राहिलं. त्या काळात संरक्षण म्हणजे अँटिव्हायरस; ऑपरेटिंग सिस्टीमकडून फारशी अपेक्षाच नव्हती.

इंटरनेटने हे गणित मोडलं. २००१मधल्या 'कोड रेड' आणि 'निमडा' या वर्मनंतर, जानेवारी २००२मध्ये बिल गेट्स यांनी मायक्रोसॉफ्टच्या कर्मचाऱ्यांना लेखी कळवलं की नव्या सुविधांपेक्षा सुरक्षेला प्राधान्य द्या. ऑक्टोबर २००३पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट देण्याची शिस्त लागली. ऑगस्ट २००४चा विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २ हा मला या प्रवासातला सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो. फायरवॉल एक्सपीमध्ये आधीही होती, पण बंद असायची. आता ती पहिल्यापासून चालू मिळू लागली. सामान्य माणूस सेटिंग्जमध्ये शिरत नाही, हे कंपनीने मान्य केलं. पुढे व्हिस्टा महत्त्वाच्या बदलांआधी परवानगी मागू लागली आणि विंडोज ८मध्ये अँटिव्हायरस अंगभूत आला.

तरी जुना क्रम सुटला नाही. २३ ऑक्टोबर २००८ला दुरुस्ती आली आणि नोव्हेंबरात 'कॉन्फिकर' आला. पुढे तो पेनड्राइव्हवरूनही पसरला. १४ मार्च २०१७ला दुरुस्ती आली, १२ मे रोजी 'वॉनाक्राय' वर्म. त्यामुळे ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत नियोजित शस्त्रक्रिया रद्द झाल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या.

अपडेटची भीती निराधार नाही, हेही सांगायला हवं. जून २०१७चा 'नॉटपेट्या' युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरला आणि 'मर्स्क' या जहाज कंपनीमार्फत न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल विस्कळीत करून गेला. जुलै २०२४मध्ये 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोलमडली. पण यावर अपडेट बंद ठेवणं हा उपाय नव्हे. मोठ्या संस्थांनी ते आधी थोड्या मशीनवर तपासावं आणि नेटवर्कपासून वेगळा बॅकअप ठेवावा.

आपल्याकडे 'अपडेटने मशीन स्लो होतं' म्हणून ते बंद करून देणारे आणि क्रॅक केलेली विंडोज टाकून देणारे अजून भेटतात. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला, आणि अनेक जुनी मशीन विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. शाळा, दवाखाने आणि ग्रामपंचायतींनी वाढीव सुरक्षा अपडेट, लिनक्स किंवा नवं मशीन यांपैकी एक मार्ग निवडून त्याचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकात धरायला हवा. दुरुस्ती शोधणारे त्यांचं काम बहुतेकदा वेळेत करतात. ती आपल्या मशीनवर पोहोचली का, हे पाहणारा माणूस प्रत्येक कार्यालयात नेमलेला असला पाहिजे.