‘ळ’ची ओळख पहिल्या ओळीत

जळगाव आणि धुळे या दोन्ही नावांत ‘ळ’ आहे. संगणकाच्या फाइलीत मात्र अक्षरे नसतात, असतात आकडे. यूटीएफ-८ पद्धतीत ‘ळ’ म्हणजे २२४, १६४, १७९. हेच आकडे पश्चिम युरोपातील लॅटिन-१ पद्धतीने वाचले, तर एका ‘ळ’ऐवजी तीन भलतीच चिन्हे उमटतात.

मग पायथन भाषेतील आज्ञावली कोणत्या पद्धतीने वाचायची? २००३ च्या २.३ आवृत्तीपासून ते फाइलीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीतील टीप सांगू शकते. हॅशचे चिन्ह, मग रोमन अक्षरांत ‘कोडिंग’, अपूर्णविराम आणि पद्धतीचे नाव. हॅशनंतरचा मजकूर पायथन एरवी सोडून देते. एवढी टीप मात्र वाचते. पण पद्धतच ठाऊक नसताना टीप तरी कशी वाचणार? गंमत इथेच आहे. रोमन अक्षरांचे आकडे बहुतेक पद्धतींत सारखेच असतात, म्हणून टीप आधी वाचता येते. (दुसऱ्या ओळीची सवलत अशासाठी, की युनिक्समध्ये आज्ञावली कोणाकडून चालवून घ्यायची हे पहिली ओळ सांगते.)

२००६ च्या २.५ आवृत्तीत टीप नसताना एक ‘ळ’ आला, तरी आज्ञावली चालत नसे. २००८ च्या ३.० पासून यूटीएफ-८ गृहीत धरले जाते. शाळेतील जुन्या संगणकावर निकालपत्रकातले ‘काळे’ अडले, तर वरच्या दोन ओळी पाहाव्यात. नुसती टीप बदलून आकडे बदलत नाहीत. फाइल ज्या पद्धतीने साठवली, तेच नाव टिपेत हवे.