ठणका थांबला, म्हणजे दाढ बरी झाली का?

मंडळी, दाढदुखी ठाऊक नाही असं घर आपल्याकडे सापडणं कठीण. दिवसा कामाच्या नादात दुखणं कसंबसं सोसवतं. पण रात्री आडवं झालं, की ठणका थेट कानशिलापर्यंत चढतो. मग कुणी लवंगेचं तेल शोधतं, कुणी दाढेत तंबाखूची चिमूट धरायला सांगतं. असे काही दिवस जातात आणि एके सकाळी ठणका आपोआप थांबतो. "सुटलो बुवा!" म्हणून माणूस कामाला लागतो. पण ही सुटका बहुतेक वेळा खरी नसते. ती का नसते हे कळलं, म्हणजे ज्याला आपण 'रूट कॅनाल' म्हणतो तो उपचारही कळेल.

आधी दाताची घडण पाहू. दातावरचं पांढरं कवच हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, हाडाहूनही कठीण. त्याच्या आत थोडा मऊ, पिवळसर थर असतो, आणि अगदी मध्ये एक पोकळी. या पोकळीत दाताचा जिवंत गाभा असतो. बारीक रक्तवाहिन्या आणि नसा मुळाच्या टोकातून आत शिरतात आणि मुळातल्या नळीवाटे वर येतात. समोरच्या दाताला बहुधा एक मूळ आणि एक नळी असते. दाढेला दोन किंवा तीन मुळं आणि तीन-चार नळ्या असतात.

कीड कवचात आहे तोवर दुखत नाही. ती आतल्या थरात उतरली, की गार पाण्यानं कळ येते आणि लगेच जाते. या वेळी दवाखाना गाठला, तर साधी चांदी किंवा सिमेंट भरून काम भागतं. पुढं जंतू गाभ्याशी पोचतात. गाभा सुजतो, पण भोवती कठीण भिंती, सूज पसरायला जागा कुठली? म्हणून तो भयंकर ठणका. गरम चहानं उठलेली कळ मग कितीतरी वेळ जात नाही, झोपेतूनही जाग येते. आणि अखेर गाभा मरतो. नस मेली, म्हणून ठणका थांबला! रोग मात्र जिवंतच आहे. जंतू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. महिन्यांनी, कधी वर्षांनी हिरडीवर पुळी येते, पू वाहतो, गाल सुजतो.

"मग गोळ्या घेऊन भागणार नाही का?" असं तुम्ही विचाराल. असं पाहा, गोळीतलं औषध रक्तावाटे पोचतं. मेलेल्या गाभ्यात रक्तच फिरत नाही, तिथं औषध पोचणार कसं? गोळीनं सूज काही दिवस ओसरेल, पण घाण आत तशीच राहील.

कीड लागलेली कणगी वरून कितीही लिंपली, तरी आतलं धान्य वाचत नाही. ती आधी रिकामी करावी लागते, झाडून पुसून कोरडी करावी लागते, मग तोंड बंद करायचं. दाढेचंही तसंच. या उपचारात मुळं काढून टाकतात असा पुष्कळांचा समज आहे, तो चुकीचा. मुळं जागेवरच राहतात. फक्त त्यांच्या आतली घाण काढतात.

डॉक्टर प्रथम एक्स-रे काढतात. मग इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात. फार सुजलेली दाढ कधी पुरती बधिर होत नाही. दुखलं तर हात वर करून सांगावं, आणखी औषध देता येतं. दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात, म्हणजे थुंकी आत जात नाही. दाढेला वरून भोक पाडून सुईसारख्या बारीक कानशींनी प्रत्येक नळी साफ करतात आणि जंतुनाशक द्रावणानं धुतात. नळ्या कोरड्या करून त्यांत गटापर्चा भरतात. हा एका झाडाच्या चिकापासून होणारा, रबराच्या जातीचा पदार्थ. हे काम कधी एका बैठकीत होतं, कधी दोन-तीन लागतात. नंतर काही दिवस चावताना थोडं दुखेल, ते हळूहळू कमी होतं. दुखणं वाढलं किंवा सूज आली, तर परत जाऊन दाखवावं.

खरा घोटाळा होतो तो इथंच. पहिल्या बैठकीनंतर ठणका जातो, तोच सुगी येते, आणि माणूस पुन्हा फिरकत नाही. वरची भरणी तात्पुरती असते. ती झिजते आणि जंतू पुन्हा आत शिरतात. काम पुरं झालं, तरी पोखरलेल्या दाढेवर टोपी बसवावी लागते, नाहीतर भाकरीच्या कडक पापुद्र्यानंही ती उभी चिरते. अशी चिरलेली दाढ बहुधा काढावीच लागते. म्हणून पहिल्याच दिवशी विचारून घ्या : बैठका किती, टोपीसह खर्च किती? खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथं चौकशी करा.

एक सूचना मात्र ध्यानात ठेवा. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरली, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तिथं उद्यावर टाकणं जिवाशी बेतू शकतं.

शेवटी शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दातांच्या मागं पहिली कायमची दाढ येते. ती येताना एकही दात पडत नाही, म्हणून आईबापांना तीही दुधाचीच वाटते. किडली तरी "पडेल आणि नवी येईल" म्हणून ती सोडून देतात. ती पुन्हा येत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना एवढं सांगा. सकाळी आणि रात्री फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासायला शिकवा, मिश्रीपासून दूर ठेवा. आणि घरात कुणाची दाढ ठणकून अचानक गप्प झाली, तर ती बरी झाली असं समजू नका. ती डॉक्टरांना दाखवा.