इंजिन पास, इंधन पास, जोडीचं काय?

मंगल कार्यालयामागे पत्र्याच्या पेटीत बसवलेला जनरेटर नीट पाहिला, तर इंजिनावर एक छोटी पाटी दिसते. मॉडेल, अनुक्रमांक, निर्मितीचा महिना आणि वर्ष, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि ते देणारी संस्था एवढा तपशील तिच्यावर असावा लागतो. तो कायद्याचा दंडक आहे. पेटीच्या शेजारी कॅन ठेवलेले असतात. त्यांत पंपावरचं डिझेल आहे, ‘बायोडिझेल’ म्हणून कुणी स्वस्तात आणून दिलेला माल आहे, की आचाऱ्याच्या कढईतून गाळून घेतलेलं तेल, हे त्या पाटीवरून कळायला मार्ग नाही.

छोट्या डिझेल इंजिनांच्या आणि जैवइंधनांच्या नियमनातली खरी अडचण इथेच आहे. आपला कायदा इंजिनाची परीक्षा कारखान्याच्या दारात घेतो आणि इंधनाची विक्रीच्या जागी. दोघांची गाठ पडते ती विहिरीवर, पिठाच्या गिरणीत नाही तर दवाखान्याच्या तळघरात, आणि तिथे बघणारं कुणी नसतं.

कारखान्याच्या दारातली परीक्षा

जनरेटरच्या डिझेल इंजिनांसाठी, ८०० किलोवॉटपर्यंत, धुराच्या मर्यादा घालणारी अधिसूचना केंद्राने ९ जुलै २००२ रोजी काढली. डिसेंबर २०१३ मध्ये त्या कडक झाल्या आणि २०१४ पासून अमलात आल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुढची पायरी आली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून धंद्यात तिला ‘सीपीसीबी फोर प्लस’ म्हणतात. १ जुलै २०२३ पासून ती लागू झाली आणि आधी तयार झालेला माल विकायला पुढे मुदत मिळाली.

या नियमांतले आकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहेत. एक युनिट ऊर्जेमागे, म्हणजे किलोवॉट-तासामागे, इंजिनाने किती ग्रॅम सूक्ष्म कण सोडावेत? ५६ ते ५६० किलोवॉटच्या गटाला मुभा आहे ०.०२ ग्रॅमची. १९ ते ५६ किलोवॉटच्या गटाला ०.०३ ग्रॅमची. आणि १९ किलोवॉटच्या आतल्या इंजिनाला? ०.३० ग्रॅम, म्हणजे वरच्या गटाच्या दहापट. आठ किलोवॉटच्या आतल्या इंजिनांना तर नायट्रोजनची ऑक्साइडं आणि हायड्रोकार्बन यांची एकत्रित मर्यादाही २०१४ चीच आहे, ७.५ ग्रॅमची.

ही सवलत अकारण दिलेली नाही. ०.०३ ग्रॅम गाठायचं तर सहसा धुराच्या वाटेवर कण अडवणारी गाळणी हवी, इलेक्ट्रॉनिक इंधन-नियंत्रण हवं. पाच-दहा अश्वशक्तीच्या इंजिनाला हा सरंजाम जोडला तर त्याचा खर्च इंजिनाच्याच किमतीला भिडेल. म्हणून सरकारने छोट्यांना सोडलं. पण दुकानाच्या पायरीवर, सोसायटीच्या वाहनतळात, माणसांच्या नाकासमोर चालणारी इंजिनं नेमकी ही छोटीच असतात.

परीक्षेची रीतही ठरलेली आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत इंजिन पाच वेगवेगळ्या भारांवर चालवतात: पूर्ण, पाऊण, निम्मा, पाव आणि दहा टक्के. निकालात सर्वाधिक वजन निम्म्या आणि पाव भाराला असतं, प्रत्येकी तीस टक्के. पूर्ण भाराला फक्त पाच. जनरेटर प्रत्यक्षात बहुतेक वेळ अर्ध्यामुर्ध्या भारावरच चालतो, तेव्हा हे शहाणपणाचंच आहे. मात्र ही परीक्षा ठरलेल्या दर्जाच्या इंधनावर होते. एकदा इंजिन विकलं गेलं की छोट्या जनरेटरला गाडीसारखी ठरावीक मुदतीची पीयूसी नाही.

शिवाय हे सगळे नियम जनरेटरचे. तेच इंजिन विहिरीवर पाणी उपसायला लावलं तर धुराच्या या मर्यादा त्याला लागू होत नाहीत. शेतीच्या इंजिनांसाठी भारतीय मानक आहे, पण त्याचा रोख इंजिनाच्या कामगिरीवर आणि ते किती इंधन खातं यावर आहे.

विक्रीच्या जागची परीक्षा

इंधनाची गोष्ट वेगळ्याच खात्यात सुरू होते. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडावर मोठी भिस्त ठेवली. ऑक्टोबर २००५ मध्ये बायोडिझेल खरेदीचं धोरण आलं. दर होता लिटरला २५ रुपये. पडीक जमिनीवर मोगली एरंड लावला की डिझेलच्या झऱ्याला तोटा नाही, असा तो काळ होता. पण पाणी-खताविना बियांचा उतारा पडला नाही आणि त्या भावात बायोडिझेल करणं कुणाला परवडलं नाही. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने उद्दिष्ट आवाक्यातलं ठेवलं: २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल. प्रत्यक्षातलं मिश्रण मात्र एका टक्क्याच्याही आत रेंगाळत आलं आहे.

दर्जाचे नियम मात्र चोख आहेत. निव्वळ बायोडिझेलसाठी आयएस १५६०७ हे मानक आहे. सहा ते वीस टक्के मिश्रणासाठी आयएस १६५३१ आहे. आणि पंपावरच्या साध्या डिझेलचं मानक सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालवून घेतं. म्हणजे मानकात बसणारं बायोडिझेल त्या प्रमाणात असेल, तर इंजिनाला वेगळी परवानगी लागण्याचा प्रश्नच येत नाही.

घोळ आहे तो विक्रीच्या नियमांत. २००९ च्या जैवइंधन धोरणात वाहतुकीबरोबर स्थिर इंजिनांचाही स्पष्ट उल्लेख होता. पण एप्रिल २०१९ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने बायोडिझेल विक्रीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती वाहतुकीसाठी डिझेलमध्ये मिसळायच्या बायोडिझेलची. ट्रकवाल्याचा विचार झाला, विहिरीवरच्या इंजिनाचा राहून गेला. त्याच सुमारास ‘बायोडिझेल’च्या नावाखाली औद्योगिक तेलं विकणाऱ्या ठिकाणांवर गुजरातेत आणि महाराष्ट्रात धाडी पडल्या. तो माल बायोडिझेल नव्हताच. तरी बदनाम झालं ते बायोडिझेल.

तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे

डिझेल इंजिन तेलावर चालतं ही गोष्ट इंजिनाइतकीच जुनी आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आपल्याकडेही त्याचे प्रयोग झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. उडिपी श्रीनिवास यांच्या पुढाकाराने तुमकूर जिल्ह्यातल्या कग्गनहळ्ळीत करंजाच्या तेलावर जनरेटर चालवून शेतीला पाणी देण्यात आलं. विदर्भाला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात पॉवरगुडा गावच्या बायकांनी करंज लावला, तेल काढलं आणि २००३ मध्ये जागतिक बँकेला १४७ टन कार्बन डायऑक्साइडची बचत विकली. करंज आपल्या ओढ्याकाठी उभा आहेच, कोकणात उंडी आहे. मग अडलं कुठे?

अडतं ते दाटपणात. चाळीस अंशांना डिझेलचा दाटपणा दोन ते साडेचार सेंटिस्टोक असतो. कच्च्या वनस्पती तेलाचा पस्तीस-चाळीसच्या घरात. असं काकवीसारखं तेल नोझलमधून बारीक फवाऱ्याने उडत नाही, त्याचे थेंब पडतात. ते पुरते जळत नाहीत. नोझलच्या तोंडाशी कार्बन साठतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, न जळलेलं तेल खाली उतरून इंजिनऑइल घट्ट करतं. संथ फिरणारं जुन्या धाटणीचं इंजिन हे बरेच दिवस सोसतं, म्हणून मालकाला वाटतं की सगळं ठीक चाललं आहे. जाणकार दोन टाक्या ठेवतात: डिझेलवर सुरुवात, इंजिन तापलं की धुराच्या उष्णतेने गरम केलेलं तेल, आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेल. एवढी शिस्त रोज पाळणारा ऑपरेटर मिळायला हवा.

बायोडिझेल ही यावरची रासायनिक तोड. तेलात मिथेनॉल आणि थोडा अल्कली घालून विशिष्ट तापमानाला ढवळलं की ग्लिसरीन खाली बसतं आणि वर पातळ इंधन येतं. निव्वळ बायोडिझेलचा दाटपणा मानकानुसार साडेतीन ते पाच सेंटिस्टोक, म्हणजे डिझेलच्या जवळपास. कृती सोपी दिसते म्हणून घरी करून पाहण्याचा मोह होतो. पण शंभर लिटर तेलाला वीसेक लिटर मिथेनॉल लागतं. मिथेनॉल विषारी आहे, झटकन पेट घेतं, आणि त्याच्या खरेदीला नि साठ्याला परवाना लागतो. नीट न धुतलेल्या बायोडिझेलमध्ये उरलेलं मिथेनॉल, साबण आणि पाणी इंजिनाची वाट लावतं ते वेगळंच.

हवेला काय मिळतं?

जैवइंधन म्हणजे निर्मळ धूर, हे अर्धसत्य आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये ट्रकच्या इंजिनांवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला. वीस टक्के मिश्रणाने सूक्ष्म कण सुमारे १० टक्क्यांनी, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्क्यांनी आणि हायड्रोकार्बन २१ टक्क्यांनी कमी झाले. नायट्रोजनची ऑक्साइडं मात्र २ टक्क्यांनी वाढली. निव्वळ बायोडिझेलवर ही वाढ १० टक्क्यांपर्यंत जाते. मर्यादेच्या अगदी काठावर पास झालेलं इंजिन या वाढीने नापास होऊ शकतं. पण छोट्या इंजिनांची आजची मोठी खोड आहे काळा धूर, आणि नेमका तोच कमी होतो. दर्जेदार बायोडिझेलची बाजू इथे भक्कम आहे. कच्च्या तेलासाठी मात्र हे आकडे पुढे करता येणार नाहीत.

अमेरिकेने काय केलं?

राजकोटला बनणारी जुन्या इंग्रजी लिस्टर धाटणीची संथ इंजिनं एकेकाळी अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी मागवली. उपाहारगृहातलं वापरलेलं तेल गाळायचं, त्यावर इंजिन चालवायचं आणि घरची वीज करायची, अशी ती टूम होती. जुलै २००६ मध्ये तिथे स्थिर डिझेल इंजिनांसाठी देशव्यापी नियम आले. नव्या इंजिनाला प्रमाणपत्र हवं, ही जबाबदारी बनवणाऱ्यासोबत वापरणाऱ्यावरही आली. प्रमाणपत्र नसलेल्या राजकोटी इंजिनांची वाट तिथेच अडली.

त्या नियमावलीत एक कलम मात्र घेण्याजोगं आहे. ज्या इंधनावर इंजिन प्रमाणित झालं त्याहून वेगळं इंधन वापरायचं असेल आणि त्यामुळे मर्यादा पाळणं शक्य नसेल, तर मालकाला वेगळ्या मर्यादेसाठी रीतसर अर्ज करता येतो. म्हणजे इंजिन आणि इंधन या जोडीचा विचार कायद्याने केला आहे. छोट्या मालकाला हा अर्ज झेपत नाही हा त्याचा दोष. पण निदान दार ठेवलं आहे.

आपण काय करावं?

पहिली गोष्ट, तीन वेगळ्या वस्तू एका नावाखाली मोजणं थांबवावं. मानकातलं बायोडिझेल, कच्चं वनस्पती तेल आणि भेसळीचा माल यांना एकच नियम लावला की प्रामाणिक माणूस भरडला जातो आणि भेसळवाला सुटतो. दुसरी, विक्रीच्या नियमांत स्थिर इंजिनांचा उल्लेख परत आणावा. गावातल्या पाणीवाटप संस्थेला किंवा गिरणीवाल्याला, चाचणी-अहवालासह शिक्का असलेला कॅन मिळण्याची सोय झाली पाहिजे. तिसरी, करंज-उंडीच्या कच्च्या तेलावरचे प्रयोग बंद पाडू नयेत. वस्तीपासून दूर, दोन टाक्यांची व्यवस्था असलेल्या, नोंदणी झालेल्या इंजिनांपुरती त्यांना वेगळी परवानगी द्यावी.

कच्च्या मालाची सोय अंशतः झालेलीच आहे. १ जुलै २०१८ पासून ध्रुवीय घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेलं तळणीचं तेल अन्नात वापरायला मनाई आहे. ते गोळा करून बायोडिझेल बनवायची योजनाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आखली आहे. आचाऱ्याच्या कढईतलं तेल जनरेटरपर्यंत जायचा कायदेशीर रस्ता या योजनेतून, म्हणजे बायोडिझेलच्या कारखान्यातून जातो. थेट टाकीत नाही.

जनरेटर किंवा पंप बाळगणाऱ्यांनी तोवर एवढं करावं. उत्पादकाची हमी किती टक्के मिश्रणापर्यंत आहे ते पुस्तिकेत पाहावं. बायोडिझेल घेताना आयएस १५६०७ चा त्या बॅचचा चाचणी-अहवाल मागावा. नसेल तर माल परत करावा. साठा सहा महिन्यांवर ठेवू नये. बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवतं, म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर बदलावा. जुन्या इंजिनात रबरी नळ्याही तपासाव्यात. आणि धुराची नळी पुरेशी उंच आहे ना, ते बघावं. प्रदूषण मंडळाचं सूत्र सोपं आहे: केव्हीएच्या वर्गमुळाला ०.२ ने गुणा, येतील तेवढे मीटर नळी इमारतीच्या वर हवी. पंचवीस केव्हीएला ती भरते एक मीटर.